गरम करून दिलेलं भांडं

दुपारचे तीन वाजले तरी भीमाबाईला लघवी झाली नव्हती, आणि नागपूरच्या धंतोलीतल्या त्या छोट्या नर्सिंग होममध्ये ही गोष्ट आता तिच्या एकटीची राहिली नव्हती. शेजारच्या खाटेवरच्या रुखमाबाई दर पंधरा मिनिटांनी "झाली का वं?" म्हणून विचारत होत्या. रुखमाबाईंची सून विचारत होती. समोरच्या खाटेवर एक म्हातारी होती, तिला स्वतःच्या गावाचं नाव धड आठवत नव्हतं, पण हा प्रश्न मात्र तिच्या बरोबर लक्षात राहिला होता.

सकाळी सात वाजता भीमाबाईचं बेंबीजवळच्या हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. पाठीत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर केलेला, त्यामुळे उद्या सकाळपर्यंत उशी न घेता उताणं पडून राहायचं, उठून बसायचंसुद्धा नाही, असा हुकूम होता. बधिरपणा दुपारी उतरला, पाय हलू लागले. सलाइनच्या दोन बाटल्या आत गेल्या. बाहेर मात्र थेंब नाही.

अडीच वाजता डॉक्टर येऊन ओटीपोट दाबून बघून गेले. "आजीबाई, पाच वाजेपर्यंत वाट पाहू. नाहीच झालं तर नळी घालू," असं त्यांनी सांगितलं आणि ते खालच्या मजल्यावर गेले.

नळी म्हणजे काय, हे भीमाबाईला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. नागपुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात, तिने आया म्हणून सव्वीस वर्षं काढली होती. नळी घातलेल्या बाया तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरून कशा कापतात, हे तिने इतक्या वेळा पाहिलं होतं की नळी या शब्दानेच तिला ताप चढायचा बाकी होता. त्यात तिच्या रक्तात साखर होती. साखरेच्या पेशंटला एकदा ताप धरला की टाका भरायचं नाव घेत नाही, हेही तिला ठाऊक होतं. खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या तिच्या मुलीलाही ते ठाऊक होतं, कारण मुलगी नर्स होती. आणि तीही साधीसुधी नाही, विलायतेतली.

प्रेमिला चार वर्षांपूर्वी, म्हणजे सत्तर साली, इंग्लंडात लीड्स नावाच्या शहरी नोकरीला गेली, ती आता पहिल्यांदा रजेवर आली होती. बारा दिवसांनी परत जायचं होतं. आईचं ऑपरेशन आपण असतानाच उरकून घ्यावं, असं तिनेच ठरवलं होतं. तिचा भाऊ लहानू खापरखेड्याच्या वीजघरात कामाला होता आणि माय त्याच्याकडेच कॉलनीत राहायची. आज त्याची पाळी होती. म्हणजे मायजवळ ती एकटीच होती.

खरं सांगायचं तर नळीची गरजच नव्हती, आणि ते प्रेमिलाला चांगलं कळत होतं. अंजनाबाई नावाची इथली आया दोनदा बेडपॅन घेऊन आली होती. वॉर्डात त्याला सगळे नुसतं 'भांडं' म्हणत. अंजनाबाई वाईट नव्हती, पण तिच्या एकटीच्या जिवावर वीस खाटा होत्या. बाहेरच्या गच्चीवर पालथं घातलेलं इनॅमलचं भांडं तिने तसंच उचलून आणलं, मायच्या कमरेखाली सारलं आणि "चला बाई, लवकर करा" म्हणत डोक्याशी उभी राहिली. जानेवारीचा महिना. भीमाबाईचं सगळं अंग त्या भांड्यावर आखडून गेलं.

"भांडं हाये का बरफाची लादी?" अंजनाबाई गेल्यावर ती म्हणाली. "आन तिरपं ठेवलं. आमच्या वॉर्डात असं ठेवलं असतं तं मी हाकलून देलं असतं."

"मी देऊ का, माय?"

भीमाबाईने मान वळवून मुलीकडे पाहिलं. ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदाच तिच्या आवाजात जोर आला.

"तू हात नको लावू त्याले. सांगून ठेवते."

इथे थोडं मागं जायला हवं, नाही तर ही बाई उगीचच हट्टी आहे असं वाटेल. हट्टी ती होतीच, पण उगीच नव्हती. छप्पन साली भीमाबाईने पांढरं लुगडं नेसून दीक्षा घेतली. त्या संध्याकाळी इंदोरा वस्तीतल्या आपल्या खोलीत येऊन तिने नऊ वर्षांच्या प्रेमिलाला समोर बसवलं आणि सांगितलं, की मी लोकांची भांडी उचलली, पोट होतं म्हणून उचलली, पुढंही उचलीन. तू नाही उचलायची. तू सुई देशील, चार्ट लिहिशील आणि डोक्यावर पांढरी टोपी घालशील. नवस बोलायचं त्या दिवशीच सुटलं होतं, म्हणून तिने ते मुलीच्या कानात बोलून ठेवलं.

आणि तसंच झालं. प्रेमिला शिकली, नर्स झाली, टोपी आली. नागपूरच्या वॉर्डात भांडं देणं हे नर्सचं काम कधी नव्हतंच. प्रत्येक खाटेखाली चटईवर पेशंटची एक बहीण नाही तर सासू बसलेली असे, तीच न्हाऊ घाले, तीच भरवी. उरलंसुरलं आयाच्या वाट्याला. प्रेमिलाला फक्त हाक मारावी लागे. ती हाक तिने मोठ्या ऐटीत मारली, हे तिला आता आठवायला नको वाटायचं.

मग लीड्स आलं, आणि पहिल्याच सकाळी प्रेमिलाने असा घोळ घातला की तो ती चार वर्षांत कुणापाशी बोलली नव्हती. घरी पाठवलेल्या पत्रात तिने लिहिलं होतं, "माझ्या हाताखाली चार जणी आहेत." ते पत्र लहानूने खापरखेड्याच्या कॉलनीत इतक्या घरी वाचून दाखवलं की घड्यांवर ते फाटलं. भीमाबाई ते अजून ट्रंकेत ठेवून होती. आज सकाळीही रुखमाबाईंनी "पोरगी काय करते?" विचारलं, तेव्हा गुंगीतसुद्धा तिने पहिलं वाक्य हेच सांगितलं.

घड्याळात साडेतीन झाले. मायच्या कपाळावर घाम आला होता, थंडीतसुद्धा. ओटीपोटावर हात ठेवला तर ते दगडासारखं लागत होतं. प्रेमिलाने दुसऱ्यांची पोटं अशी शेकड्यांनी तपासली होती, मायचं आज पहिल्यांदाच. खाली डॉक्टर नळी उकळायला सांगणार, उरला दीड तास. भांडं गरम करून नीट ठेवलं तर दोन मिनिटांचं काम, आणि ते दोन मिनिटांचं काम तिच्या मायने तिलाच बंद करून टाकलं होतं.

ती स्टूल ओढून मायच्या उशाशी बसली.

"माय, मी तुले खोटं लिहिलं होतं."

"काय खोटं?"

"चार जनी हाताखाली आहेत म्हनून. कोनी नाही. तिथं आयाच नाहीत, माय. भांडं मीच देतो. रोज. चार वर्षांपासून देऊन राहिली."

भीमाबाई छताकडे पाहत राहिली. शेजारी रुखमाबाईंच्या बांगड्यांचा आवाज थांबला. म्हणजे त्या ऐकत होत्या. पण आता थांबण्यात अर्थ नव्हता.

तिने पहिल्या सकाळचं सगळं सांगितलं. मिसेस ॲटकिन्सन म्हणून एक म्हातारी होती, मांडीचं हाड मोडलेली. तिने भांडं मागितलं. प्रेमिला "हो हो" म्हणाली आणि बाहेर गेली आयाला शोधायला. आया नाही. मग म्हातारीचे नातेवाईक शोधले. खाटेखाली वाकूनसुद्धा पाहिलं, चटई दिसते का म्हणून. तिथे माणसं फक्त दुपारी तासभर भेटायला येतात, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सगळा व्हरांडा पालथा घातला, चहाची गाडी ढकलणाऱ्या माणसाला विचारलं, त्याला तिचं बोलणं कळेना. परत आली तर बिछाना ओला झाला होता आणि म्हातारी भिंतीकडे तोंड करून रडत होती.

"मंग?" भीमाबाईने विचारलं. सव्वीस वर्षांची नोकरी होती, पेशंटचं काय झालं हे तिला आधी कळायला हवं होतं.

"मोठी सिस्टर आली. सिस्टर होल्डन. पूर्ण वॉर्डाची मालकीन समज. डॉक्टर बी तिले भितात. मले वाटलं आता मले हाकलते. तिनं बाह्या वर केल्या, म्हातारीले सोताच्या हातानं धुतलं, पुसलं, कपडे बदलले. मले फक्त बादली धरायले लावली. मंग बाहेर नेऊन विचारलं, तू कोनाले शोधत होती. मी मनलं, हे काम करनाऱ्या बाईले. ते मने, इथं जो जवळ असंल तो करते."

भीमाबाई बोलली ती अगदी हळू.

"मंग फरक काय पडला वं? मी उचललं, तू बी उचललं. एवढं शिकवलं ते काहून?"

हेच ऐकायला लागेल म्हणून प्रेमिलाने चार वर्षं खोटी पत्रं लिहिली होती. पहिला महिनाभर तर हाच प्रश्न ती रोज रात्री स्वतःला विचारायची आणि उशीत तोंड खुपसून रडायची. आता मायच्या तोंडून तो ऐकल्यावर मात्र तिला भीती वाटायच्या ऐवजी मोकळं वाटलं. कारण याचं उत्तर तिच्याकडे होतं.

"फरक पडला, माय. तू भांडं उचललं तं लोक तुह्या हातचं पानी नाही घेत होते. मी भांडं देतो, हात धुतो, आन् त्याच म्हातारीले त्याच हातानं चहा पाजतो. ते थँक्यू म्हनते. मोठी सिस्टर बी तेच करते, आन् तिच्या टोपीले काही होत नाही."

समोरच्या म्हातारीने "झाली का?" असं विचारलं.

"आजून एक सांगायचं हाये," प्रेमिला म्हणाली. हे पहिल्यापेक्षा अवघड होतं. "तिथं सहा महिने पारखतात. मोठ्या सिस्टरनं चांगलं लिहून देलं तं ठेवतात, नाही तं परत पाठवतात. पहिल्या दिवशीच्या त्या घोळानं माह्यं नाव खराब झालं होतं. मंग थंडी आली. तिथली थंडी तुले काय सांगू. भांडी पत्र्याची, बरफासारखी. एक दिवस मी न विचारता भांड्यात गरम पानी ओतलं, फिरवलं, फेकलं, कोरडं पुसलं, मनगटाच्या आतून लावून पाह्यलं, काठाले थोडी पावडर लावली आन् मंग एका म्हातारीले देलं. ते मने, पोरी, देव तुह्यं भलं करो. मोठी सिस्टर मागंच उभी होती. तिनं विचारलं, हे कुठं शिकली?"

भीमाबाईची मान पूर्ण वळली होती. हे भांड्यात गरम पाणी ओतणं, मनगटाच्या आतून लावून बघणं, काठाला पावडर लावणं तिचं होतं. तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि दवाखान्यात कुणी कधी विचारलंही नव्हतं. शाळेतून येताना डबा घेऊन वॉर्डाच्या दाराशी उभी राहणारी प्रेमिला ते रोज पाहायची. वर्षानुवर्षं पाहायची.

"तू काय सांगितलं?"

"कालेजात शिकली मनलं."

"माह्यं नाव नाही सांगितलं."

"नाही सांगितलं. लाज वाटली. माय आया हाये हे सांगायची लाज वाटली, माय." प्रेमिलाचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत. "तिनं रिपोर्टात ते लिहिलं. तेवढ्यावर मले ठेवून घेतलं. तुह्या हातानं माह्यी नोकरी राह्यली, आन् मी तुह्यं नाव नाही घेतलं."

खालच्या रस्त्यावर एक रिक्षावाला घंटी वाजवत गेला. भीमाबाईच्या मनात काय चाललं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळणं कठीण होतं. रागावली तर डोळे मिटून घ्यायची तिची सवय होती. आता डोळे उघडे होते.

"पानी किती गरम केलं होतं?" शेवटी तिने विचारलं.

"हं?"

"उकळतं घेतलं तं इनॅमलले तडा जाते. आन् पुसलं नाही तं चटका बसते. किती गरम?"

"हाताले सोसंल एवढं. तू करत होती तेवढं."

"मंग बसून काहून राहिली? पाच वाजत आले. जा, कर गरम."

प्रेमिला उठली ती जवळजवळ धावतच. व्हरांड्याच्या टोकाला नातेवाइकांनी चहासाठी स्टोव्ह ठेवला होता, त्यावर कुणाचं तरी पाणी तापत होतं. ते तिने न विचारता उचललं. भांडं धुतलं, गरम पाणी फिरवलं, फेकलं, पदराने न पुसता स्वच्छ फडक्याने पुसलं. अंजनाबाई दारात उभी राहून बघत होती. विलायतेहून आलेली, हातात घड्याळ बांधलेली नर्स भांडं पुसते आहे, हे तिने आजवर पाहिलं नव्हतं.

"बाई, मी करते ना, राहू द्या," ती म्हणाली.

"जो जवळ असंल तो करते, अंजनाबाई. तुम्ही चादर धरा."

चादरीचं दुसरं टोक रुखमाबाईंच्या सुनेने धरलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. काटोलकडच्या चांगल्या खात्यापित्या शेतकरी घरची सून ती. सकाळी भीमाबाईचं आडनाव ऐकल्यावर तिने आपला पाण्याचा तांब्या खाटेच्या पलीकडच्या बाजूला सरकवला होता, आणि ते प्रेमिलाने पाहिलंही होतं. आता ती टाचा उंचावून चादर नीट ताणून धरत होती, बाहेरून काही दिसू नये म्हणून. पावडरचा डबाही तिनेच पिशवीतून काढून दिला.

प्रेमिलाने मनगट आतून लावून पाहिलं. मायच्या कमरेखाली एक हात घालून तिला अलगद उचललं, टाक्याला ताण न देता, आणि भांडं सरळ ठेवलं. कमरेच्या पोकळीत घडी केलेला टॉवेल सारला. मग बाजूला बसून एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात बारीक धारेने पाणी ओतायला लागली, तो आवाज ऐकून होते म्हणून.

"मले काय लेकरू समजली का?" भीमाबाई म्हणाली. "हे बी मीच करत होती. ठेव ते पेले."

प्रेमिलाने पेले ठेवले. चादर धरलेल्या दोघी श्वास रोखून उभ्या होत्या आणि एकमेकींकडे बघायचं टाळत होत्या. मग भांड्यात आवाज आला. आधी थोडा, मग चांगला, आणि मग थांबेचना. भीमाबाईने डोळे मिटले आणि एवढा मोठा श्वास सोडला, की जणू सकाळपासून तिने तोच पोटात धरून ठेवला होता.

"झाली?" चादरीपलीकडून रुखमाबाईंनी विचारलं.

"झाली," अंजनाबाईने सांगितलं, आणि चादर धरून धरून दुखणारे खांदे खाली सोडले.

प्रेमिलाला एकदम हसू आलं. ते थांबतच नव्हतं. लीड्सला परीक्षेत पास झाल्याचं कळलं तेव्हाही तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं. तिने मायला स्वच्छ केलं, कोरडं केलं, पांघरूण घातलं, भांडं नेऊन आतली लघवी मोजली, ओतली, भांडं धुतलं. हात साबणाने धुऊन ती परत आली, पेल्यात पाणी घेतलं आणि मायच्या ओठाला लावलं. भीमाबाई घोट घोट ते प्याली.

पावणेपाचला डॉक्टर आले, ओटीपोट दाबून बघितलं आणि नळीचं नाव न घेता निघून गेले.

"तुमची पोरगी विलायतेत हेच काम करते?" रुखमाबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात खोच नव्हती, नुसतं नवल होतं.

सकाळी सांगितलेल्या त्या हाताखालच्या चार जणींचं काय करावं, याचा भीमाबाई विचार करत असावी.

"करते," ती म्हणाली. "मीच शिकवलं तिले."

तिसऱ्या दिवशी माय उठून बसली. प्रेमिलाने पर्समधून निळं हवाई टपालाचं पत्र काढलं, मांडीवर पाटी घेतली आणि सिस्टर होल्डनला लिहायला बसली. लिहून झाल्यावर तिने ते मायला मराठीत वाचून दाखवलं. भांडं गरम करायची ती पद्धत मी कॉलेजात शिकले असं सांगितलं होतं, ते खरं नव्हतं. माझी आई भीमाबाई, नागपूरच्या दवाखान्यात सव्वीस वर्षं आया होती, तिच्याकडून मी ते शिकले. भांड्यात गरम पाणी फिरवायचं, कोरडं पुसायचं, मनगटाच्या आतून लावून पाहायचं, हे सगळं तिचं आहे.

भीमाबाईने मान हलवत सगळं ऐकलं. मग हात पुढे करून कागदावरच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"पावडरीचं राह्यलं," ती म्हणाली.